पितळी स्टेप-अप रिंग

स्टेप-अप रिंग ही कॅमेऱ्याच्या लेन्सवर तिच्यापेक्षा मोठ्या व्यासाचा फिल्टर बसवण्यासाठी वापरली जाणारी धातूची कडी होय. तिच्या एका बाजूला लेन्सच्या मापाचे बाहेरचे आटे आणि दुसऱ्या बाजूला फिल्टरच्या मापाचे आतले आटे असतात. तिच्यात काच नसते. त्यामुळे चित्राच्या गुणवत्तेवर तिचा थेट परिणाम होत नाही. निरनिराळ्या व्यासांच्या अनेक लेन्सवर एकच चांगला फिल्टर वापरता यावा, हा तिचा मुख्य उद्देश आहे.

या कड्या प्रामुख्याने ॲल्युमिनियम किंवा पितळेच्या बनवलेल्या असतात. पितळी कडी जड व महाग असते, परंतु लेन्सच्या आट्यांत अडकून बसण्याचा धोका तिच्यात कमी असतो. अडकलेली कडी बळजबरीने काढताना लेन्सचे पुढचे आटे खराब होऊ शकतात आणि असे नुकसान कडीच्या किमतीपेक्षा कितीतरी महाग पडते. म्हणून कडीची निवड करताना व्यासाबरोबरच धातू, आट्यांची घडण आणि वापराचे ठिकाण यांचाही विचार केला जातो.

## नाव व मापे

कडीवर सहसा "५२–७७" अशा प्रकारे दोन आकडे कोरलेले असतात. पहिला आकडा लेन्सच्या आट्यांचा व्यास आणि दुसरा फिल्टरचा व्यास मिलिमीटरमध्ये दर्शवतो. पहिला आकडा लहान व दुसरा मोठा असेल तर ती स्टेप-अप रिंग आणि याच्या उलट असेल तर ती स्टेप-डाउन रिंग होय. स्टेप-डाउन रिंगमुळे मोठ्या लेन्ससमोर लहान फिल्टर येतो आणि चित्राचे कोपरे काळवंडण्याची शक्यता वाढते. त्यामुळे तिचा उपयोग मर्यादित राहतो. काही उत्पादक आकड्यांचा क्रम उलटा देतात. म्हणून केवळ आकड्यांवर विसंबून न राहता कोणत्या बाजूला बाहेरचे आटे आहेत हे पाहणे आवश्यक ठरते.

लेन्सचा फिल्टर-व्यास तिच्या पुढच्या कडेवर किंवा झाकणाच्या आतील बाजूस, वर्तुळावर तिरकी रेघ असलेल्या चिन्हापुढे लिहिलेला असतो. हा आकडा आणि फोकल लेंथ यांची गल्लत वारंवार होते. "१८–५५ मिमी" असे लिहिलेल्या लेन्सचा फिल्टर-व्यास ५५ मिमी असेलच असे नाही. कॅननच्या ईएफ-एस १८–५५ मिमी लेन्सचा फिल्टर-व्यास ५८ मिमी आहे, तर निकॉनच्या त्याच फोकल लेंथच्या जुन्या एएफ-एस लेन्सचा ५२ मिमी आणि नंतरच्या एएफ-पी लेन्सचा ५५ मिमी आहे. एकाच कंपनीच्या एकाच फोकल लेंथच्या लेन्समध्येही फरक आढळतो. कॅननच्या ५० मिमी एफ/१.८ लेन्सच्या दुसऱ्या आवृत्तीचा व्यास ५२ मिमी, त्यानंतरच्या एसटीएम आवृत्तीचा ४९ मिमी, तर आरएफ माउंटच्या ५० मिमी एफ/१.८ लेन्सचा ४३ मिमी आहे.

प्रचलित व्यास ३७, ४०.५, ४३, ४६, ४९, ५२, ५५, ५८, ६२, ६७, ७२, ७७, ८२, ८६, ९५ आणि १०५ मिमी असे आहेत. आट्यांमधील अंतर, म्हणजे पिच, बहुतेक आकारांत ०.७५ मिमी असते. काही लहान आकारांत ०.५ मिमी आणि ८६ मिमीपासून पुढील काही आकारांत १ मिमी पिच आढळते. व्यास जुळला तरी पिच जुळत नसेल तर कडी एखादा फेरा फिरून घट्ट होते. अशा वेळी आणखी जोर लावल्यास दोन्ही बाजूंचे आटे खराब होतात.

## पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकातील कॅमेऱ्यांच्या लेन्सची नळकांडी प्रामुख्याने पितळेची असत. पितळ लेथवर स्वच्छ कापले जाते, बारीक आटे टिकवून धरते आणि लोखंडासारखे गंजत नाही, ही त्याची कारणे होत. विसाव्या शतकात वजनाच्या कारणाने ॲल्युमिनियमने पितळेची जागा घेतली आणि पुढे स्वस्त लेन्समध्ये प्लास्टिकची नळकांडी आली. फिल्टरच्या चौकटींत मात्र पितळेचा वापर पूर्णपणे थांबला नाही. जर्मनीतील बी प्लस डब्ल्यू आणि हेलिओपॅन या नाममुद्रा त्यांच्या पितळी चौकटींसाठी दीर्घकाळ ओळखल्या जात आहेत.

फिल्म कॅमेऱ्यांच्या काळात अनेक कंपन्या आपल्या बहुतेक लेन्सचा व्यास एकच ठेवण्याचा प्रयत्न करत. निकॉनने १९५९ मध्ये आणलेल्या निकॉन एफ कॅमेऱ्याच्या अनेक लेन्स ५२ मिमीच्या होत्या, तर पेंटॅक्सच्या अनेक ताकुमार लेन्स ४९ मिमीच्या होत्या. त्यामुळे एका संचासाठी कड्यांची गरज कमी भासे. मोठ्या छिद्राच्या झूम लेन्स आणि लहान-मोठ्या आकारांचे कॅमेरे यांमुळे पुढे व्यासांची विविधता वाढली. आज एकाच व्यक्तीकडील चार लेन्सचे चार वेगळे व्यास असणे ही सामान्य बाब आहे.

डिजिटल छायाचित्रणात रंग सुधारणारे बहुतेक फिल्टर कालबाह्य झाले, कारण व्हाइट बॅलन्सचे काम कॅमेराच करतो. तथापि पोलरायझर आणि न्यूट्रल डेन्सिटी, म्हणजे एनडी, या दोन फिल्टरांचे काम चित्र टिपल्यानंतर संगणकावर पूर्णपणे करता येत नाही. पाण्यावरील चकाकी आधी रोखली गेली नसेल तर तिच्याखालील तपशील चित्रात नोंदवलाच जात नाही. यामुळे आजच्या छायाचित्रकाराला थोडे, परंतु चांगल्या प्रतीचे फिल्टर लागतात. स्टेप-अप रिंगचे महत्त्व या गरजेतून वाढले आहे.

## एका फिल्टरचा हिशेब

उदाहरणादाखल ४९, ५८, ६७ आणि ७७ मिमी व्यासाच्या चार लेन्स असलेला संच घेता येईल. प्रत्येक लेन्ससाठी स्वतंत्र पोलरायझर आणि स्वतंत्र एनडी घेतल्यास आठ फिल्टर लागतात. त्याऐवजी ७७ मिमीचे दोन फिल्टर आणि ४९–७७, ५८–७७ व ६७–७७ या तीन कड्या घेतल्यास तेच काम पाच वस्तूंत होते. फिल्टरचा खर्च मुख्यतः काच, तिच्यावरील लेप व ध्रुवक पटल यांवर असतो. कडीवर यांतील काहीच नसते. त्यामुळे चांगली पितळी कडीही चांगल्या फिल्टरपेक्षा स्वस्त पडते.

मोठा व्यास ठरवताना सध्या असलेल्या लेन्सपैकी सर्वांत मोठी आणि नजीकच्या काळात घ्यावयाची लेन्स यांचा विचार करावा लागतो. एफ/२.८ किंवा एफ/४ च्या पूर्वीच्या अनेक व्यावसायिक झूम लेन्स ७७ मिमीच्या असल्याने हा आकार दीर्घकाळ सोयीचा मानला गेला. मिररलेस कॅमेऱ्यांच्या २४–७० मिमी एफ/२.८ वर्गातील अनेक लेन्स ८२ मिमीच्या आहेत. ज्यांच्याकडील सर्व लेन्स ५८ मिमीपर्यंतच्या आहेत व त्या बदलण्याचा विचार नाही, त्यांना ६७ मिमीचा फिल्टर पुरेसा ठरतो. अशा संचासाठी ८२ मिमीचा फिल्टर घेतल्यास वजन व किंमत वाढते, लाभ मात्र होत नाही.

## पितळ आणि ॲल्युमिनियम

दोन्ही धातूंचे ढोबळ गुणधर्म पुढीलप्रमाणे आहेत. मिश्रधातूच्या प्रकारानुसार आकड्यांत थोडा फरक पडतो.

| गुणधर्म | पितळ | ॲल्युमिनियम |
|---|---|---|
| घनता (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) | सुमारे ८.५ | सुमारे २.७ |
| ताठरपणा (गिगापास्कल) | सुमारे १०० | सुमारे ७० |
| एक अंश सेल्सिअसला प्रसरण (दशलक्षांश भाग) | १९ ते २० | सुमारे २३ |
| पृष्ठभाग काळा करण्याची पद्धत | काळा मुलामा किंवा रंग | ॲनोडायझिंग |

### अडकण्याचे कारण

ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा पातळ थर असतो. दोन ॲल्युमिनियमचे आटे दाबाखाली एकमेकांवर घासले की हा थर फाटतो, उघडा धातू उघड्या धातूला भिडतो आणि सूक्ष्म बिंदूंवर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना चिकटतात. या क्रियेला गॉलिंग म्हणतात. ॲनोडायझिंगमुळे ऑक्साइडचा जाड व कठीण थर तयार होतो आणि गॉलिंग टळते. परंतु स्वस्त कडीत हा थर असमान असू शकतो व आट्यांच्या धारेवर तो लवकर झिजतो.

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. लेथकामासाठी वापरल्या जाणाऱ्या पितळेत बहुधा सुमारे ३ टक्के शिसेही असते. त्यामुळे कीस बारीक तुटतो, आटे गुळगुळीत निघतात आणि घर्षण कमी राहते. ॲल्युमिनियमच्या लेन्समध्ये पितळी कडी फिरवताना दोन भिन्न धातूंचे पृष्ठभाग समोरासमोर येतात व ते एकमेकांना चिकटण्याची प्रवृत्ती कमी असते. घरातील नळाच्या तोटीचे भाग आणि गॅसच्या जोडण्या पितळेच्या असण्यामागेही आटे स्वच्छ निघणे व न गंजणे हेच गुण आहेत.

दुसरे कारण ताठरपणाचे आहे. पातळ कडी दोन बोटांच्या चिमटीत धरून पिळली की ती किंचित लंबगोल होते आणि दोन ठिकाणी आट्यांत रुतते. जितका जोर अधिक, तितकी ती घट्ट बसते. पितळ अधिक ताठर असल्याने त्याच जाडीची कडी कमी वाकते.

तापमानातील बदलामुळे ॲल्युमिनियमची कडी अडकते आणि पितळेची अडकत नाही, असा एक समज आहे. ७७ मिमी व्यासाच्या जोडात तापमान २० अंशांनी बदलले तर दोन धातूंच्या प्रसरणातील फरक सुमारे ०.००६ मिमी भरतो. आट्यांमध्ये ठेवलेल्या मोकळीकीच्या तुलनेत हा फरक फार लहान आहे. शिवाय थंडीत बाहेरची ॲल्युमिनियमची लेन्स आतल्या पितळी कडीपेक्षा किंचित अधिक आकुंचन पावते. म्हणजे या बाबतीत पितळेचा लाभ नसून अल्पसा तोटाच आहे. पितळेचा खरा लाभ घर्षण व ताठरपणा यांत आहे.

### पितळेच्या मर्यादा

पितळेचे वजन त्याच आकाराच्या ॲल्युमिनियमच्या तिपटीहून अधिक भरते. लहान व हलक्या लेन्सवर मोठी पितळी कडी आणि मोठा फिल्टर बसवल्यास फोकस करताना पुढे-मागे सरकणाऱ्या नळकांड्यावर भार येतो.

पितळेवर ॲनोडायझिंग होत नाही. काळा मुलामा झिजला की पिवळा धातू उघडा पडतो आणि कडीच्या आतल्या भागातून प्रकाश परावर्तित होऊ शकतो. बाहेरच्या कडेची झीज केवळ दिसण्यापुरती असते. आतल्या कडेची झीज मात्र चित्राचा कॉन्ट्रास्ट कमी करू शकते.

समुद्रकिनाऱ्यावरील वापर ही तिसरी मर्यादा होय. पितळ व ॲल्युमिनियम एकमेकांना भिडलेले असताना त्यांच्यामध्ये खारे पाणी शिरले तर विद्युत-रासायनिक क्षरण सुरू होते आणि त्यात ॲल्युमिनियमची झीज होते. म्हणजे नुकसान कडीचे न होता लेन्सचे होते. पितळी कडी कधीच अडकत नाही असे मानून ती किनाऱ्यावरील वापरानंतरही लेन्सवर महिनोन्महिने ठेवल्यास तिचा मूळ लाभच नाहीसा होतो.

ज्या लेन्सचे पुढचे आटे प्लास्टिकचे आहेत, तेथे ॲल्युमिनियमवर ॲल्युमिनियम घासण्याचा प्रश्न उद्भवत नाही. स्वस्त किट लेन्स बहुधा या प्रकारच्या असतात. अशा लेन्ससाठी हलकी ॲल्युमिनियमची कडी पुरेशी ठरते. धातूची कडी तिरकी लागल्यास प्लास्टिकचे आटे सहज कापले जातात. म्हणून येथे धातूच्या निवडीपेक्षा हलका हात अधिक महत्त्वाचा असतो.

## चित्राच्या कोपऱ्यांवरील परिणाम

कडी बसवल्याने फिल्टर लेन्सपासून सुमारे २ ते ४ मिमी पुढे जातो, परंतु त्याच वेळी त्याची कड बाहेरच्या बाजूला सरकते. रुंद कोनाच्या लेन्समध्ये या दोहोंपैकी कशाचा परिणाम अधिक होतो हे साध्या भूमितीने ठरवता येते.

पूर्ण फ्रेम कॅमेऱ्यावरील २४ मिमी लेन्सचा कर्णकोन सुमारे ८४ अंश, म्हणजे मध्यरेषेपासून ४२ अंश असतो. या कोनात येणारा किरण प्रत्येक १ मिमी अंतरामागे सुमारे ०.९ मिमी बाहेर सरकतो. ६७ मिमीच्या लेन्सवर ५ मिमी जाडीचा फिल्टर थेट बसवला तर किरणाला सुमारे ४.५ मिमी अधिक जागा लागते आणि त्यासाठी वाढीव त्रिज्या मिळत नाही. ३ मिमी जाडीची ६७–७७ कडी लावून ७७ मिमीचा तेवढ्याच जाडीचा फिल्टर बसवला तर एकूण ८ मिमी खोलीसाठी ७.२ मिमी जागा लागते, परंतु त्रिज्या ५ मिमीने वाढते. म्हणजे तूट २.२ मिमीच राहते. तीच कडी ६७–७२ असेल तर त्रिज्या केवळ २.५ मिमीने वाढते आणि तूट ४.७ मिमी होते. हे प्रमाण थेट बसवलेल्या फिल्टरइतकेच आहे.

लेन्सच्या घडणीत काही मोकळी जागा मुळातच ठेवलेली असते, त्यामुळे हे आकडे तुलनेपुरतेच घ्यावयाचे असतात. त्यांवरून असे दिसते की, रुंद कोनाच्या लेन्सवर व्यासाची मोठी उडी उपयुक्त असते आणि जेमतेम एक पायरी वर नेणारी कडी कोपऱ्यांच्या दृष्टीने फारसा लाभ देत नाही.

एकावर एक कड्या जोडून ४९ पासून ७७ पर्यंत जाणे शक्य असते. परंतु प्रत्येक जोडाबरोबर जाडी वाढते, फिल्टर किंचित तिरका बसण्याची शक्यता वाढते आणि अडकू शकणारे आटेही वाढतात. बाजारात अनेक कड्यांचे संच मिळतात; त्यांचा उपयोग नेमकी कोणती मापे लागतात हे अजमावण्यासाठी होतो. नित्य वापरासाठी थेट ४९–७७ अशी एकच कडी अधिक चांगली.

## निवडीचे निकष

कडी घेताना पुढील बाबी तपासल्या जातात.

* धातूची ओळख. पितळ व ॲल्युमिनियम दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. त्यामुळे चुंबकाने त्यांतील फरक कळत नाही. त्याच मापाची ॲल्युमिनियमची कडी शेजारी ठेवून वजन पाहणे हा खात्रीचा उपाय आहे.
* सपाटपणा. कडी काचेच्या तावदानावर ठेवून कडेवर बोट दाबल्यास ती डुगडुगता कामा नये.
* आट्यांची सुरुवात. पहिला आटा स्वच्छ असावा. त्यावर कीस किंवा मुलाम्याचे कण नसावेत. आटे मृदू ब्रशने साफ करूनच कडी प्रथम लावली जाते.
* आतील रंग. आतली कड चकचकीत काळी नसून निस्तेज काळी असावी.
* बाहेरची पकड. कडेवर बारीक खाचा, म्हणजे नर्लिंग, असावी. गुळगुळीत व अतिशय पातळ कडी काढताना बोटांना पकड मिळत नाही.
* पुढचे झाकण व हूड. कडी लावल्यावर लेन्सचे मूळ झाकण बसत नाही. फिल्टरच्या व्यासाचे झाकण लागते. संगिनीसारखे अडकवायचे मूळ हूडही बहुधा बसत नाही. फिल्टरवर आट्यांनी बसणारे हूड किंवा हाताची सावली हे त्याला पर्याय होत.

पुढचा भाग फोकस करताना फिरणाऱ्या लेन्सवर पोलरायझर वापरताना आधी फोकस व नंतर पोलरायझरचा कोन ठरवावा लागतो. ही अडचण कडीमुळे निर्माण होत नाही व कडीने सुटतही नाही.

## कोल्हापूर परिसरातील वापर

कोल्हापूर शहर व त्याच्या भोवतालचा प्रदेश यांत फिल्टरांचे जवळजवळ सर्व प्रमुख उपयोग आढळतात. त्याचबरोबर कडीच्या आट्यांना घातक अशा परिस्थितीही येथे आढळतात.

शहराच्या पश्चिमेकडील रंकाळा तलावावर पोलरायझरचा परिणाम स्पष्ट दिसतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी सुमारे ३७ अंशांच्या कोनात पाहिले असता परावर्तित प्रकाश सर्वाधिक ध्रुवित असतो आणि पोलरायझर फिरवून तो मोठ्या प्रमाणात रोखता येतो. सूर्यास्ताचे प्रतिबिंब हाच चित्राचा विषय असेल तर अर्थातच पोलरायझर काढून ठेवावा लागतो. कडी व फिल्टर झटपट काढता येण्याची गरज अशा वेळी लक्षात येते.

राधानगरी तालुक्यातील राऊतवाडी धबधबा किंवा गगनबावडा परिसरातील पावसाळी ओहोळ यांचे पाणी रेशमासारखे दाखवण्यासाठी एनडी फिल्टर लावून उघडझापेचा वेळ वाढवला जातो. दहा स्टॉपचा एनडी प्रकाश सुमारे एक हजारांशापर्यंत कमी करतो. त्यामुळे १/५० सेकंदाचे चित्र घेण्यास सुमारे २० सेकंद लागतात. इतक्या गडद फिल्टरमधून चित्राची चौकट जुळवणे अवघड असल्याने चौकट आधी ठरवून फिल्टर नंतर लावला जातो. हे काम पावसात व ओल्या हाताने करावे लागते. आटे सहज फिरणारी कडी येथे सोयीपेक्षा गरजेची वस्तू ठरते.

वाडी रत्नागिरी येथील जोतिबाच्या चैत्र यात्रेत उधळला जाणारा गुलाल आणि गणेशोत्सवात राजारामपुरीतील मिरवणुकांमधील धूळ व रंग यांचे बारीक कण आट्यांत जाऊन बसतात. अशा ठिकाणी चित्रीकरण चालू असताना कडी काढणे किंवा लावणे टाळणे हितावह असते. घरी परतल्यावर लेन्स खाली तोंड करून धरावी, आधी हवेच्या पंपाने व नंतर कोरड्या ब्रशने कण झाडावेत आणि मगच कडी फिरवावी. ओल्या फडक्याने गुलाल पुसल्यास त्याचा लगदा आट्यांत दाबला जातो.

घाट उतरून कोकण किनाऱ्यावर जाणाऱ्या छायाचित्रकारांसाठी वर सांगितलेले क्षरण महत्त्वाचे आहे. मालवण किंवा रत्नागिरीच्या किनाऱ्यावर एक दिवस काम केल्यावर त्याच दिवशी कडी लेन्सपासून वेगळी करणे, कडी गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवणे आणि लेन्सचे आटे किंचित दमट, स्वच्छ फडक्याने पुसून लगेच कोरडे करणे, एवढी काळजी पुरेशी असते. लेन्स पाण्याखाली धरू नये.

## लेथवर करून घेतलेली कडी

जुन्या लेन्सचे किंवा प्रोजेक्टर-लेन्सचे व्यास आजच्या प्रचलित मापांत बसत नाहीत आणि त्यांच्यासाठी तयार कडी मिळत नाही. अशा वेळी ती लेथवर कापून घेता येते. यासाठी पितळ हा सर्वांत सोयीचा धातू आहे. राजारामपुरीलगतचे शिवाजी उद्यमनगर हे यंत्रकामाच्या लहान कारखान्यांसाठी प्रसिद्ध असून अशा प्रकारचे सुटे काम करणारे टर्नर तेथील परंपरेचा भाग आहेत.

कॅमेऱ्याला लागणारी वस्तू गावातच घडवण्याची कल्पना कोल्हापूरला नवी नाही. आनंदराव व बाबूराव पेंटर यांनी येथे चलच्चित्राचा कॅमेरा बनवण्याचा ध्यास घेतला. १९१६ मध्ये आनंदरावांचे निधन झाल्यावर बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने तो कॅमेरा पूर्ण केला. महाराष्ट्र फिल्म कंपनीचा *सैरंध्री* (१९२०) हा मूकपट या स्वदेशी कॅमेऱ्याशी जोडला जातो. याच कंपनीतून बाहेर पडलेल्या दामले, फत्तेलाल, शांताराम व धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. ती १९३३ मध्ये पुण्याला गेली. संपूर्ण कॅमेऱ्याच्या तुलनेत एक कडी ही अगदी साधी वस्तू आहे, परंतु तिच्यासाठीही मोजमापाची तीच शिस्त लागते.

टर्नरला पुढील माहिती द्यावी लागते: दोन्ही आट्यांचे व्यास, दोन्हींचा पिच, आटे असलेल्या भागाची लांबी, कडीची एकूण जाडी आणि आतल्या उघड्या भागाचा व्यास. ०.७५ मिमी पिचला सुमारे ३ मिमी लांबीत चार फेरे बसतात व तेवढे पुरेसे असतात. बाहेरचे आटे नाममात्र व्यासापेक्षा किंचित कमी ठेवावे लागतात. अन्यथा मुलामा चढल्यावर कडी लेन्समध्ये शिरत नाही.

माप घेण्यासाठी व जुळणी तपासण्यासाठी प्रत्यक्ष लेन्स लेथजवळ नेणे योग्य नाही. धातूचा कीस व तेलाचे तुषार तिला घातक असतात. त्याऐवजी त्याच मापाच्या जुन्या, फुटक्या फिल्टरची काच काढून उरलेली चौकट नमुना म्हणून दिली जाते. नवी कडी त्या चौकटीत बोटांच्या हलक्या जोराने शेवटपर्यंत फिरली पाहिजे. त्यानंतरच ती स्वच्छ धुऊन, वाळवून आणि आतून निस्तेज काळी करून लेन्सवर लावली जाते.

## लावणे, काढणे व अडकलेली कडी सोडवणे

कडी लावताना ती आधी आट्यांवर सपाट टेकवून उलट दिशेने हळू फिरवली जाते. आट्याची सुरुवात जुळताच ती किंचित खाली बसल्याचे बोटांना जाणवते. मग ती योग्य दिशेने फिरवायची असते. अशाने आटे तिरके लागत नाहीत. कडी शेवटपर्यंत पोहोचल्यावर तिला आवळणे आवश्यक नसते.

पोलरायझरच्या बाबतीत एक विशेष काळजी घ्यावी लागते. त्याची पुढची चौकट फिरती असते. ती नेहमी आटे घट्ट होण्याच्या दिशेने फिरवली जाते, कारण उलट दिशेने फिरवल्यास फिल्टर सैल होऊन खाली पडू शकतो. या सवयीमुळे दिवसभरात फिल्टर व कडी थोडी थोडी आवळत जातात. म्हणून दिवसाच्या शेवटी दोन्ही जोड सैल करून ठेवणे उपयुक्त असते. काढताना पुढची फिरती चौकट न धरता मागची पातळ चौकट धरावी लागते.

कडी अडकल्यास पुढील उपाय सौम्यतेच्या क्रमाने केले जातात.

1. दोन बोटांची चिमटी न वापरता पाचही बोटांनी संपूर्ण घेर धरून, जोर न वाढवता फिरवणे.
2. रबरी हातमोजा घालून किंवा कडीभोवती रुंद रबरबँड गुंडाळून पुन्हा प्रयत्न करणे.
3. पुढे फक्त कडी किंवा न फिरणारा फिल्टर असेल तर लेन्स सपाट रबरी पृष्ठभागावर, उदाहरणार्थ स्वच्छ रबरी चपलेच्या तळव्यावर, हलकेच टेकवून संपूर्ण लेन्स फिरवणे. यात घेरावर सर्वत्र सारखा दाब पडतो आणि कडी लंबगोल होत नाही.
4. फिल्टर काढण्याचे प्लास्टिकचे दोन पाने वापरणे. एक फिल्टरवर व दुसरा कडीवर.

पक्कड, पेचकस किंवा हातोडी यांचा वापर करू नये. आट्यांत तेल सोडणेही टाळावे. ते पातळ होऊन छिद्राच्या पात्यांपर्यंत पोहोचू शकते व ती पाती चिकटू शकतात. लेन्स शीतकपाटात ठेवल्यास बाहेर काढताच तिच्यावर व आत दव जमते, म्हणून कोल्हापूरसारख्या पावसाळी हवेत तो उपाय विशेष धोक्याचा ठरतो. या उपायांनी कडी न निघाल्यास लेन्सदुरुस्ती करणाऱ्याकडे जाणे योग्य. तो गरज पडल्यास कडीच कापून काढतो. अशा वेळी कडी वाया जाते, परंतु लेन्स वाचते.

## इतर पर्याय

चौकोनी फिल्टरांच्या धारकातही लेन्सच्या व्यासाची कडी लागते. चित्रपट चित्रीकरणात वापरला जाणारा मॅट बॉक्स हा याच तत्त्वाचा मोठा प्रकार होय. अलीकडे चुंबकाने चिकटणारे फिल्टर उपलब्ध आहेत. त्यांत एक कडी लेन्सवर कायम राहते आणि फिल्टर आटे न फिरवता लावला वा काढला जातो. त्यांमुळे वारंवार आटे फिरवण्याचा त्रास वाचतो, मात्र लेन्सवर कायम राहणारी कडी पितळेची की ॲल्युमिनियमची, तिचे आटे स्वच्छ आहेत का आणि ती वेळोवेळी सैल केली जाते का, हे प्रश्न तेथेही लागू होतात.